ऊन पडू दे

डिसेंबर लागला की आमच्या निफाडचं नाव पेपरात यायला लागतं. ‘निफाड गारठले’, ‘निफाडचा पारा घसरला’. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात सकाळी तापमानाची नोंद होते आणि दुपारपर्यंत ती महाराष्ट्रभर पोचते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक कौतुकाने फोन करतात, शेकोटीचे फोटो मागतात. द्राक्षबाग असलेल्या घरात मात्र त्या आकड्याची धास्ती असते. लवकर छाटलेल्या बागेत डिसेंबरअखेर मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं आणि पारा फार खाली गेला तर एका रात्रीत मणी तडकतात. मग पहाटे उठून ओळींच्या कडेने शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबकने विहिरीचं पाणी सोडायचं. ते पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं, मुळांना तेवढीच ऊब.

चार वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत मी माहेरी होते. अण्णा आणि दादा पहाटे चारलाच बागेत गेले होते. पाचला थ्री फेज लाइट आली, मोटार चालू झाली. कुठल्या प्लॉटला आधी पाणी सोडायचं ते अण्णांनी दादाला नीट सांगितलं, एक-दोनदा रागावलेही. ही पाचची वेळ पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे, ते तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

पावणेसहाच्या सुमारास अण्णा एकटेच घरी आले. अंगात स्वेटर, कानाला मफलर, त्यावर घोंगडी. ओट्यावर बसले. डाव्या पायात चप्पल नव्हती. मी म्हटलं, “अण्णा, चप्पल कुठंय?” त्यांनी पायाकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत. आईने चहा आणला. त्यांनी उजव्या हाताने कप घेतला, एक घोट घेतला आणि डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळून मफलरवर आला. लोकरीत तपकिरी डाग पसरत गेला. त्यांनी तो पुसला नाही. चहा सांडलाय हे त्यांना कळलंच नव्हतं.

आईने काहीतरी विचारलं. उत्तर आलं ते जाडसर जिभेचं, शब्द एकमेकांत अडकलेले.

“थंडीने बोबडी वळली यांची,” आई म्हणाली. “हात बघ कसा गार पडलाय.”

आणि आम्ही सगळे कामाला लागलो. वहिनीने लसूण-ओवा घालून तेल गरम केलं, मी डाव्या हाताला चोळलं. वीट तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली. बोटं आखडली होती, गारठ्यानेच आखडणार ना. पाय जड झाला होता, पहाटे चारपासून दंवात उभा राहिलेला माणूस. अण्णा स्वतःच सांगत होते, “मला काही झालं नाही.” शेजारचे काका आले, त्यांनीही बघितलं आणि म्हणाले, “ऊन पडू दे. ऊन पडलं की अंग मोकळं होईल.”

ओट्यावर ऊन यायला साडेसात वाजले. अंग मोकळं झालं नाही. अण्णा उठायला गेले आणि डाव्या कुशीवर कोसळले.

*

या पावणेदोन तासांचा विचार मी चार वर्षं करते आहे. आम्ही निष्काळजी नव्हतो. घरातली चार माणसं त्यांच्याभोवती होती, प्रत्येकाचे हात काही ना काही करत होते. चूक वेगळ्याच ठिकाणी होती. अण्णांना आला होता तो स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका. त्याची जी जी लक्षणं आहेत, त्या प्रत्येकासाठी आपल्या भाषेत थंडीचा एक शब्द तयार आहे. बोलणं अडखळलं तर बोबडी वळली. हात हलेना तर गारठला, आखडला. मुंग्या आल्या तर बधिर झाला. तोंड वाकडं झालं तर वारं लागलं. उन्हाळ्यात हेच झालं असतं तर आम्ही दचकलो असतो. डिसेंबरच्या पहाटे सगळ्याचं कारण समोर उभं होतं, खुद्द कुंदेवाडीच्या आकड्यासकट.

हे मला त्या सकाळी सुचलं असतं तर फार बरं झालं असतं: थंडी दोन्ही हातांना वाजते. गारठ्याने बोटं आखडतात ती दोन्ही हातांची. दात वाजतात, ओठ थरथरतात, पण सबंध तोंडभर. अण्णांचा उजवा हात कप धरत होता आणि डावा मांडीवर पडून होता. उजवा गाल हलत होता, डावा नाही. उजव्या पायात चप्पल होती. पूर्ण एक बाजू गप्प झाली होती आणि आम्ही तिला तेल चोळत होतो.

मला पुढे एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी तीन गोष्टी करून बघायला शिकवल्या. माणसाला हसायला सांगायचं, दात दिसतील असं. ओठाचा एक कोपरा वर जात नसेल तर लक्ष द्यायचं. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगायचे आणि दहापर्यंत मोजायचं. एक हात हळूहळू खाली येत असेल तर लक्ष द्यायचं. एखादं साधं वाक्य म्हणायला लावायचं. या तिन्हींतली एक जरी गोष्ट बिघडलेली दिसली तरी गाडी काढायची, बाकीच्या दोन बिघडायची वाट बघायची नाही. याशिवाय अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणं, आणि आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखणं, हेही त्याच घरातले पाहुणे. यातला ‘अचानक’ हा शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला होता. गारठा हळूहळू चढतो. स्ट्रोक येतो तो क्षणात.

आणि अण्णांचं ते “मला काही झालं नाही”? आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण ते खोटं बोलणारे नाहीत. त्या बाईंनी सांगितलं की ते खोटं बोलतच नव्हते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना आपल्या डाव्या बाजूचं भानच राहत नाही. हात चालत नाही हे कळायलाही जो मेंदू लागतो, त्यालाच मार बसलेला असतो. म्हणून रुग्ण ‘नको’ म्हणाला तरी त्याचं ऐकायचं नाही. आमच्या घरात अण्णांचा शब्द कुणी मोडत नसे, हे त्या दिवशी फार महागात पडलं.

*

दादाने द्राक्षं वाहायची पिकअप काढली. गावातल्या डॉक्टरांनी दाब बघितला, वरचा 200, खालचा 110. ते म्हणाले, “इथे एक मिनिट थांबू नका, नाशिक गाठा.” त्यांच्याबद्दल माझ्या मनात कायम कृतज्ञता आहे. सलाइन लावून बसवून ठेवणंही त्यांना सहज शक्य होतं. धुक्यातून नाशिकला पोचायला सव्वानऊ झाले. पहिल्या रुग्णालयात सीटी स्कॅनचं मशीन होतं, चालवणारा माणूस दहाला येणार होता. तिथून दुसरीकडे. स्कॅन झाला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “एकदम व्यवस्थित असे शेवटचे कधी होते?” लक्षणं कधी दिसली, हे ते विचारत नव्हते. झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर घड्याळ आदल्या रात्री झोपले तिथपासून धरतात. दादा म्हणाला, “पाच. लाइट आली तेव्हा.” डॉक्टरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. शिकवणारी बाई आहे मी, समोरच्याच्या चेहऱ्यावरची वजाबाकी मला ओळखू येते.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 1995 साली ते पहिल्यांदा उपयोगी ठरलं तेव्हा ही मुदत तीनच तास होती, 2008 च्या अभ्यासानंतर साडेचार झाली. त्यातही जितकं लवकर तितका गुण जास्त. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी सरकवत नेऊन गुठळी ओढून काढता येते, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतसुद्धा. अण्णांची गुठळी त्या नळीच्या हाती न लागणाऱ्या बारीक फांदीत होती. इंजेक्शनची वेळ चाळीस मिनिटांपूर्वी टळली होती.

चाळीस मिनिटं. ओट्यावर ऊन यायची वाट आम्ही पावणेदोन तास बघितली होती.

नंतर मी कुठेतरी वाचलं की मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला सरासरी 19 लाख मज्जापेशी मरतात. अण्णांची वाहिनी लहान होती, त्यांचा हिशेब कमी निघेल, हे मला समजतं. तरी गणित शिकवणाऱ्या माणसाला गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. 19 लाख गुणिले 105. उत्तर एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर आहे. ते पान मी फाडलेलं नाही.

*

थंडीचा आणि याचा संबंध काय, हे दादाला कळलं ते ठिबकच्या भाषेत. थंडी पडली की कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. अंगातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शरीरच तसं करतं. पाणी तेवढंच आणि बाजूचे व्हॉल्व्ह निम्मे बंद केले तर मेन लाइनवर प्रेशर वाढणार, तसा रक्तदाब वाढतो. त्यात थंडीत तहान लागत नाही, लघवीला मात्र जास्त होते, त्यामुळे रक्त दाटसर होतं आणि गुठळी धरायची शक्यता वाढते. पहाटे उठण्याच्या सुमारास रक्तदाब तसाही चढत असतो आणि स्ट्रोकही सकाळच्या प्रहरातच जास्त येतात. गारठा आणि पहाट एकत्र आली की कमजोर जॉइंटवर ताण.

मग काय होणार? एक तर लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीत, कचरा अडकून पुढची झाडं सुकणार, नाहीतर पाइप फुटणार. स्ट्रोकचेही हेच दोन प्रकार. रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बहुतेक रुग्णांत पहिला प्रकार असतो, पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हात तोच, तोंड तेच. म्हणून आधी स्कॅन. गुठळी विरघळवणारं औषध फुटलेल्या पाइपला दिलं तर अनर्थ होईल. हार्ट अटॅकमध्ये देतात म्हणून घरातली ॲस्पिरिन स्ट्रोकच्या रुग्णाला देऊ नये, त्याचंही कारण हेच. आणि काहीही खायला-प्यायला देऊ नये. गिळायचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात, घोट फुप्फुसात जातो. आमच्या घरी सगळ्यात आधी काय पुढे केलं होतं? चहा.

अण्णांची रक्तदाबाची गोळी महिनाभर बंद होती. पाकीट संपलं, छाटणीनंतरची फवारण्यांची धावपळ होती, आणि “थंडीत मला बरं वाटतं” असं ते म्हणायचे. दाब वाढलेला माणसाला जाणवत नाही, ही या आजाराची सगळ्यात क्रूर गोष्ट आहे. उलट थंडीत तो वाढतो म्हणून एरवीपेक्षा जास्त वेळा मोजायला हवा. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनी, आपण नाही. उपकेंद्रात पट्टा लावून दाब बघतात, पैसे लागत नाहीत. अण्णा तिथून रोज जायचे, दुधाच्या डेअरीत. थांबले नाहीत.

शिवाय थंडीचं आपलं खाणं बघा. भाकरीबरोबर लोणचं, खारातली मिरची, पापड, शेकोटीजवळ खारे शेंगदाणे. दिवसाकाठी सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे लहान चमचाभर. आई आता दिवसाचं मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवते. अण्णांची बिडी सुटली ती रुग्णालयातच. साखरेचा आजार, न मोजलेलं कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोके, याही गोष्टी डॉक्टरांनी एकेक करून विचारल्या. ठोक्यांच्या त्या अनियमितपणाने स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट होतो आणि साध्या ईसीजीत तो सापडू शकतो, हे मला त्याआधी माहीतच नव्हतं.

आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. नोव्हेंबरात लासलगावला कांदा विकून नोटा मोजताना अण्णांच्या डाव्या हातातून गड्डी निसटली होती. हात दहा मिनिटं हलेना, मग आपोआप बरा झाला. सोबतच्या माणसाने पाणी दिलं, अण्णा हसले, घरी आले, कुणाला काही बोलले नाहीत. त्या माणसाने रुग्णालयात भेटायला आल्यावर हे सांगितलं. असा येऊन गेलेला झटका म्हणजे दारावरची थाप असते. त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत खऱ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त असतो. अण्णांना महिनाभर सवलत मिळाली होती. तेव्हाच तपासणी झाली असती तर गोळ्या लागल्या असत्या, आणि त्या पहाटे शेकोटी पेटवायला दादा एकटा गेला असता.

*

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपण म्हणतो. मला हा शब्द लहानपणी भीतीदायक वाटायचा, आता त्याचा राग येतो. वारं बाहेरून येतं आणि बाहेर निघून जातं. त्याला कुणी काही करू शकत नाही, ओसरायची वाट बघायची. मेंदूतल्या बंद पडलेल्या नळीला असं नाव दिलं की माणसं थांबणारच. गालाची नस सुजून तोंड वाकडं होणं हा निराळा आजार आहे. वहिनीच्या भावाला तो झाला होता, एसटीच्या खिडकीत बसून वारं लागलं असंच तेव्हाही सगळे म्हणाले. त्यात सहसा कपाळावरही आठी पडत नाही, डोळा मिटत नाही. पण हा फरक घरात बसून ठरवू नये. तोंड वाकडं झालं की दवाखाना.

अण्णा रुग्णालयात असताना तिसऱ्या दिवशी एक मामा कापडी पिशवीत पारवा घेऊन आले. पारव्याचं रक्त चोळलं की लुळा हात चालतो, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. पंधरा किलोमीटर मोटारसायकलवरून, त्या थंडीत, पिशवी छातीशी धरून आले होते. आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “भाऊ, याला सोडून द्या.” मामांनी रुग्णालयाच्या मागे जाऊन पिशवी उघडली. पारवा लगेच उडाला नाही, थोडा वेळ भिंतीवर बसून राहिला. मामांची माया खरी होती. पण पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आपण होऊन थोडा सावरतोच, आणि ते श्रेय पारव्याला मिळतं, सुई टोचून बोटातून रक्त काढायला सांगणाऱ्या व्हॉट्सॲपच्या निरोपाला मिळतं. खरं श्रेय आहे ते रोजच्या व्यायामाचं. फिजिओथेरपीवाली मुलगी अण्णांच्या तळहातावर रबरी चेंडू ठेवायची आणि एकेक बोट मिटवायची. पहिल्या तीन महिन्यांत जास्त सुधारणा होते, हे तिने सांगितलं होतं, म्हणून आईने ते तीन महिने घड्याळ लावून पाळले. अण्णा आता काठी घेऊन बागेपर्यंत जातात. डाव्या हाताने घड धरता येत नाही. छाटणीची कात्री खुंटीला आहे.

मी माहेरी जाते तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा कागद बघते. माझ्याच अक्षरातला आहे. 108, आणि फोन उचलला की पहिल्यांदा ‘स्ट्रोकची शंका आहे’ म्हणायचं. त्याखाली चोवीस तास सीटी स्कॅन चालणाऱ्या दोन रुग्णालयांची नावं आणि नंबर. ही चौकशी त्या सकाळी पिकअपमध्ये बसून करायची नसते, एखाद्या मोकळ्या दुपारी करून ठेवायची असते. तुमच्या गावापासून असं रुग्णालय किती दूर आहे, हे आज संध्याकाळी विचारून घ्या. घरात साठीच्या पुढचं माणूस असेल, दाबाची गोळी चालू असेल, तर जरूर घ्या.

गेल्या डिसेंबरातही पारा उतरला. दादाचाही रक्तदाब आता वाढलाय, गोळी चालू आहे. तो बागेत जातो तेव्हा सोबत एक माणूस असतो, कानटोपी असते, निघण्यापूर्वी तो पाणी पिऊन निघतो. पहाटे सहाला परत आला, ओट्यावर बसला. धुरामुळे डोळे लाल, मिशीवर दंव. आई कप-बशी घेऊन बाहेर आली, पण तिने ती पुढे केली नाही.

“आज कुंदेवाडीला किती?”

“अजून आला नाही ना आकडा, आई. आठनंतर येतो.”

“मग तुला काय वाटतं, ते सांग.”

दादा तिच्याकडे बघून हसला. पूर्ण तोंडभर. दोन्ही हात कपासाठी पुढे केले आणि म्हणाला, “पाचाच्या खाली गेलाय आज. खालच्या प्लॉटला अजून अर्धा तास पाणी चालू ठेवावं लागेल.”

आतून अण्णांनी जड जिभेने विचारलं, “दोन्ही हात?”

“दोन्ही,” आई म्हणाली, आणि तिने कप दिला.